चाळीस मिनिटांत भक्तपूर होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत नेपाळ सहलीवर एक पान आलं होतं. पशुपतिनाथ, मनकामना, पोखरा, मुक्तिनाथ, आणि काठमांडूत शॉपिंगसाठी अर्धा दिवस, असा सगळा कार्यक्रम दिला होता. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पत्र मोठं झालंय, कापायचं असेल तर शेवटचा भाग कापा पण भक्तपूरचा कापू नका ही विनंती.

मी प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता रिटायर आहे. नेपाळला दोनदा गेले. पहिल्यांदा २०१४ च्या मे महिन्यात, सासूबाई, मिस्टर आणि मी, एका टूर कंपनीबरोबर. नऊ दिवसांची यात्रा होती. दुसऱ्यांदा २०२४ च्या नोव्हेंबरात, मिस्टर, मी आणि माझी धाकटी बहीण, आपले आपणच, बारा दिवस, आणि त्यातले आठ दिवस काठमांडूच्या खोऱ्यातच काढले. दोन्ही वेळा देश तोच होता पण पहिल्या वेळी आम्ही नेपाळ पाहिलाच नव्हता हे मला दुसऱ्या वेळी कळलं.

पहिल्या ट्रिपमध्ये भक्तपूरला बस थांबली तेव्हा टूर मॅनेजर माइकवर म्हणाला, चाळीस मिनिटं आहेत, फोटो काढा, टॉयलेटला जाऊन या, बरोबर सव्वाबाराला बस सुटेल. ऊन कडक होतं. सासूबाई बसमधून उतरल्याच नाहीत. आम्ही दोघं पळत पळत राजवाड्याचा चौक बघून आलो, पंचावन्न खिडक्यांसमोर एक फोटो काढला आणि परत बसमध्ये बसलो. घरी आल्यावर काही महिन्यांनी शेजारच्या काकूंनी विचारलं, तिकडे दत्ताचं मोठं देऊळ आहे म्हणे, बघितलंत का, आणि मला काही उत्तरच देता येईना. सासूबाईंचं दर गुरुवारचं दत्ताचं व्रत, आयुष्यभर त्यांनी ते मोडलं नाही, आणि आमची बस त्या देवळापासून पायी फार तर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर उभी होती. त्या २०१९ ला गेल्या. त्यांना ते देऊळ दाखवायचं राहिलं ते राहिलंच, अजून मनाला लागून आहे, आणि खरं सांगायचं तर हे पत्र मी त्याच्यासाठीच लिहितेय.

भक्तपूरचं दत्तात्रय मंदिर पंधराव्या शतकातलं आहे, यक्ष मल्ल राजाच्या काळातलं. तीन मजली, उतरत्या कौलारू छपरांचं, लाकूड आणि विटांचं, आणि अख्खं देऊळ एकाच झाडाच्या लाकडातून बांधलं अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. दारात दोन दगडी पहिलवान उभे, समोर खांबावर गरुड हात जोडून बसलेला, बाजूच्या खांबांवर शंख आणि चक्र. ज्या चौकात हे देऊळ आहे तो तचपाल टोल, भक्तपूरमधली सगळ्यात जुनी वस्ती. विष्णूचे भक्त येतात, शिवाचे येतात, बौद्ध लोकपण येतात, सकाळी सहाला ताटल्या घेऊन बायकांची रांग असते आणि कुणी कुणाला विचारत नाही की तुम्ही कुठले. आम्ही तिघं पायऱ्यांवर बसून सासूबाईंची रोजची आरती म्हटली, हळू आवाजात. शेजारी एक नेवार, म्हणजे तिथल्या खोऱ्यातल्या मूळ समाजातल्या, आजी बसल्या होत्या, त्यांना शब्द कळले नसतील पण त्यांनी शेवटपर्यंत टाळ्यांचा ठेका धरला.

त्या देवळाच्या मागे पुजारी मठ आहे, त्याच्या भिंतीत मोराची खिडकी आहे. पिसारा फुलवलेला मोर, आणि तो पिसाराच खिडकीची जाळी, सगळं लाकडात कोरलेलं. गल्ली इतकी अरुंद की मान मागे टाकूनच बघावं लागतं. बसवाले इथे कुणालाच आणत नाहीत, कारण बस इथपर्यंत येतच नाही.

भक्तपूरला मुक्काम करा, हे माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगणं. जुन्या गावाच्या आत लहान लहान गेस्ट हाऊस आहेत, घरगुती, स्वच्छ. गावात शिरायला आपल्याला म्हणजे सार्क देशातल्या लोकांना ५०० नेपाळी रुपये तिकीट आहे, आपले साधारण ३१२ होतात कारण तिकडचा भाव ठरलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. मुक्काम करणार असाल तर तिकिटाच्या खिडकीवर ओळखपत्र दाखवून सांगा, त्याच तिकिटावर पुढचे दिवस फिरता येतं. संध्याकाळी पाचनंतर सगळ्या बसेस काठमांडूला परत जातात आणि मग ते गाव आपल्या मूळ रूपात दिसायला लागतं. चौथऱ्यांवर म्हातारी माणसं येऊन बसतात, कुठल्या तरी पाटीत, पाटी म्हणजे तिकडे रस्त्यावरचा उघडा ओटा असतो त्यावर छप्पर, तिथे भजन सुरू होतं, पेटी, झांज आणि ढोल. नोव्हेंबरात भात कापून झालेला असतो, तर प्रत्येक चौकात, अगदी देवळांच्या पायऱ्यांपर्यंत, भात वाळत घातलेला, बायका पायांनी वरखाली करतायत, कुंभारांच्या चौकात मडकी उन्हात मांडलेली. त्याच मडक्यात लावलेलं दही मिळतं, जुजु धौ म्हणतात, म्हणजे दह्यांचा राजा, आणि ते खरंच तसं आहे.

आता थोडा इतिहास सांगते, मास्तरीण असल्यामुळे राहवत नाही. काठमांडूचं खोरं म्हणजे तेराशे-चौदाशे मीटर उंचीवरची एक वाटी आहे, भोवती डोंगर. यक्ष मल्ल १४८२ मध्ये गेला आणि पुढे त्याच्या वंशजांत राज्य वाटलं गेलं, काठमांडू म्हणजे कांतिपूर, पाटण म्हणजे ललितपूर, आणि भक्तपूर. तीन राज्यं एकमेकांपासून काही तासांच्या पायी अंतरावर. पुढची जवळपास तीनशे वर्षं या तीन गादींची चढाओढ चालू होती आणि ती लढायांपेक्षा जास्त देवळांमध्ये दिसते. एकाने देऊळ बांधलं की दुसरा त्याहून मोठं बांधणार, एकाने सोन्याचा मुलामा दिलेला दरवाजा केला की दुसरा त्याहून सुंदर खांब उभा करणार. १७६८ आणि ६९ मध्ये गोरखाच्या पृथ्वीनारायण शाहने तिन्ही जिंकली. म्हणून तीन गावं, तीन राजवाडे, तीन दरबार चौक. युनेस्कोने १९७९ मध्ये या खोऱ्यातल्या सात जागा एकत्र करून जागतिक वारशात घेतल्या, हे तीन चौक, स्वयंभू, बौद्धनाथ स्तूप, पशुपतिनाथ आणि चांगुनारायण. सात जागा बघायला एक दिवस कसा पुरेल सांगा.

भक्तपूरचं न्यातपोल देऊळ बघाच, भूपतींद्र मल्लाने १७०२ मध्ये बांधलं, पाच छपरं, जवळपास ३० मीटर उंच. पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना जोड्या आहेत, खाली पहिलवान, ते माणसापेक्षा दहापट ताकदीचे, त्यांच्यावर हत्ती, ते पहिलवानांच्या दहापट, मग सिंह, मग शार्दूल, मग बाघिनी आणि सिंहिनी या देवता, आणि सगळ्यांच्या वर आत सिद्धिलक्ष्मी. १९३४ चा भूकंप झाला, २०१५ चा झाला, न्यातपोल उभं आहे. सकाळी त्या पायऱ्यांवर शाळेची मुलं अभ्यास करत बसलेली असतात, मला फार आवडलं ते, इतकं जुनं देऊळ आणि कुणी त्याला दोरी लावून बंद केलेलं नाही.

भूकंपाबद्दल लिहायलाच हवं. २५ एप्रिल २०१५, शनिवार, दुपारी बाराला चार मिनिटं कमी, तीव्रता ७.८. जवळपास नऊ हजार माणसं गेली. शनिवारी शाळांना सुट्टी असते म्हणून मुलं वाचली, नाहीतर काय झालं असतं, शिक्षिका म्हणून मला ते चित्र डोळ्यांसमोर आणवत नाही. काठमांडूला ज्या लाकडी मंडपावरून नाव पडलं असं म्हणतात तो काष्ठमंडप पूर्ण कोसळला, त्या वेळी तिथे रक्तदान शिबिर चालू होतं आणि रक्त द्यायला आलेली माणसं त्याखाली गेली. २०१४ मध्ये आम्ही त्याच्या समोरून गेलो होतो, गाइड म्हणाला जुना मंडप आहे, आणि आम्ही पुढे. तो मंडप बाराव्या शतकातला असं तेव्हा सगळे मानायचे, पडल्यावर पाया खणून तपासला तर पायाचं काम सातव्या शतकातलं निघालं आणि पाया अगदी शाबूत होता. मधल्या चार मोठ्या खांबांपैकी एक खांब मात्र विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत त्याच्या दगडी बैठकीत नीट बसवलाच नव्हता. म्हणजे जुन्या लोकांनी केलेलं टिकलं होतं आणि नंतरच्या दुरुस्तीत घोटाळा झाला होता. लोकांनी हट्ट धरला की ठेकेदाराकडून सिमेंट-लोखंडात नको, जुन्या पद्धतीनेच बांधायचं, आणि स्वतःची कमिटी करून साल लाकडात आणि मातीच्या गाऱ्यात तो परत उभा केला. आता गेलात की आत जाऊन बसा. खांबांचं लाकूड अजून नवं दिसतं.

भक्तपूरमध्येही तसंच, वस्तीवस्तीच्या लोकांच्या समित्यांनी कामं केली. आम्ही होतो तेव्हा एका लहान देवळाचं काम चालू होतं, एक सुतार टुँडाल कोरत होते, टुँडाल म्हणजे छपराला खालून टेकू देणारं तिरकं लाकूड, त्यावर देवांच्या आकृती असतात. जुना तुटलेला तुकडा शेजारी ठेवून त्यावर बघून नवा करत होते. मिस्टर तिथे दीड तास उभे राहिले. त्यांना हलवायला मलाच जावं लागलं.

पाटणबद्दल. ज्यांच्या घरी नवनाथांची पोथी वाचतात त्यांनी पाटणला गेलंच पाहिजे, कारण मच्छिंद्रनाथ तिथे नुसते पोथीत नाहीत, ते गावाचे देव आहेत. रातो मच्छिंद्रनाथ, म्हणजे लाल. गोष्ट अशी सांगतात की गोरखनाथ नागांना आसनाखाली दाबून ध्यानाला बसले, बारा वर्षं पाऊस पडेना, मग नरेंद्रदेव राजा, एक आचार्य बंधुदत्त आणि एक ललित नावाचा शेतकरी असे तिघं कामरूपला जाऊन मच्छिंद्रनाथांना घेऊन आले, गुरू आले म्हणून गोरखनाथ नमस्काराला उठले आणि नाग सुटले, पाऊस आला. तेव्हापासून दरवर्षी पावसाळ्याआधी त्यांचा रथ ओढतात. बौद्ध लोक त्यांनाच करुणामय लोकेश्वर म्हणतात. रथ म्हणजे वेत आणि लाकडाचा साठेक फूट उंच मनोरा, दरवर्षी नव्याने बांधतात, वेताने आणि दोरांनी आवळून. हे सगळं चालतं ते गुठींमुळे, गुठी म्हणजे पिढ्यानपिढ्या चालत आलेली लोकांची मंडळं, त्यांच्या नावावर जमिनी होत्या आणि त्या उत्पन्नातून देवळाचं तेल, वाद्यं, जत्रेचं जेवण, दुरुस्ती सगळं व्हायचं. २०१९ मध्ये सरकारने गुठींचा कायदा बदलायला घेतला तेव्हा काठमांडूत रस्ते भरून माणसं उतरली आणि सरकारला विधेयक मागे घ्यावं लागलं. देवळांचा विषय आपला आहे असं मानणारी इतकी माणसं आहेत म्हणून ही गावं जिवंत आहेत असं मला वाटतं.

पाटणच्या दरबार चौकात कृष्ण मंदिर आहे, सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ मध्ये बांधलेलं, सगळं दगडाचं, २१ कळस. पहिल्या मजल्यावर पट्टीभर महाभारत कोरलेलं आणि त्याच्या वरच्या मजल्यावर रामायण. खालून दुर्बीण लावून मी आणि बहिणीने एकेक प्रसंग ओळखत अख्खी सकाळ घालवली, ओळखता येतात, गोष्टी आपल्याला पाठच असतात. भूकंपात आजूबाजूची देवळं पडली, चार नारायण, हरिशंकर, ती परत बांधली, हे उभं राहिलं. आणि याच राजाने सुरू केलेला कार्तिक नाच आजही कार्तिकात त्या चौकातल्या दगडी ओट्यावर होतो, जवळपास पावणेचारशे वर्षं. आम्ही होतो त्या आठवड्यात चालू होता. थंडी होती, लोक घोंगड्या पांघरून खाली बसलेले, मुखवटे घातलेले नाचणारे. नरसिंह येतो तेव्हा हिरण्यकश्यपूचं काम करणारा खरोखर शुद्ध हरपतो असं लोक मानतात, त्याला उचलून नेतात, आणि अख्ख्या चौकात कुणी बोलत नाही. तिकीट नाही, स्टेज नाही, निवेदक नाही.

आणि पाण्याचं बघा. चौकाच्या बाजूलाच मंगहिटी आहे, रस्त्यापेक्षा खाली, पायऱ्या उतरून जायचं, मकरमुखाच्या दगडी धारा, इसवी सन ५७० पासूनच्या, आणि अजून पाणी येतं. बायका कॅन लावून उभ्या असतात. लांबून कालव्याने पाणी आणायचं, त्याला राजकुलो म्हणतात, ते तळ्यांमध्ये साठवून जमिनीत मुरवायचं, वाळू आणि खडीतून गाळून या धारांना सोडायचं, अशी सगळी रचना. आता बोअर आणि खोल पायाच्या बिल्डिंगी झाल्यात म्हणून बऱ्याच हिटी कोरड्या पडल्यात. पण जी चालू आहे तिच्या पाण्याखाली हात धरला की दीड हजार वर्षं हा शब्द नुसता आकडा राहत नाही.

पाटणमध्येच पाट्को टोलला एक लहानसं देऊळ आहे, लक्ष्मीनारायणाचं. एकाच मूर्तीत अर्धे विष्णू अर्धी लक्ष्मी, वासुदेव-कमलजा. ही मूर्ती १९८४ मध्ये चोरीला गेली. पुढे ती अमेरिकेत डॅलसच्या म्युझियममध्ये होती, जवळपास ३० वर्षं, आणि इकडे गल्लीतले लोक तिच्या जागी नवी मूर्ती बसवून पूजा करत राहिले. चोरी व्हायच्या आधीचे फोटो नेपाळचे चित्रकार आणि कलेचे अभ्यासक लैनसिंह बाङ्देल यांनी गोळा करून छापले होते म्हणून ओळख पटवता आली, २०२१ मध्ये मूर्ती परत आली आणि त्याच डिसेंबरात परत त्याच देवळात बसवली. म्युझियममध्ये नाही, देवळात. मी गेले तेव्हा कपाळाला ओलं कुंकू होतं, कुणीतरी आत्ताच पूजा करून गेलेलं. नेपाळमधून अशा शेकडो मूर्ती गेल्या, विशेषतः गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणून आता ठिकठिकाणी देवांना लोखंडी जाळ्या आणि कुलुपं दिसतात. कुणी तुम्हाला जुनी मूर्ती आहे, स्वस्तात देतो म्हणालं तर घेऊ नका, ती कुणाच्या तरी गल्लीतली असते.

चांगुनारायणला टूरवाले नेतच नाहीत. भक्तपूरहून टॅक्सीने अर्धा तास, टेकडीवर आहे. तिथे दगडी खांबावर मानदेव राजाचा लेख आहे, संवत् ३८६ म्हणजे आपलेच शके, इसवी सन ४६४. संस्कृतमध्ये आहे. मानदेवाचे वडील धर्मदेव अचानक वारले, आई राज्यवती सती जायला निघाली, तेव्हा मुलाने तिचे पाय धरून सांगितलं की तू गेलीस तर तुझ्याआधी मी प्राण देतो, आणि ती थांबली. पंधराशे वर्षांपूर्वीच्या राजाने स्वतःच्या विजयस्तंभावर आधी आईची ही गोष्ट कोरून घेतली, मग लढायांची. शेजारी गुडघ्यावर बसलेला गरुड आहे, माणसाच्या चेहऱ्याचा. आवारात विश्वरूप विष्णू, त्रिविक्रम, नरसिंह, अशा मूर्ती की एकेकीसमोर अर्धा तास जावा. नेपाळच्या दहाच्या नोटेवर जे गरुडावर बसलेले विष्णू आहेत ते इथलेच. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय चारच माणसं होती.

मराठी माणसाला इथे आणखी एक सोय आहे जी बाकी कुठल्या परदेशात मिळणार नाही, सगळ्या पाट्या देवनागरीत. पसल म्हणजे दुकान हे एकदा कळलं की चिया पसल, किराना पसल सगळं वाचत जाता येतं. 'फोटो खिच्न मनाही छ' वाचायला गाइड लागत नाही. आकडेसुद्धा देवनागरी, फक्त वर्ष बघून दचकू नका, तिकडे विक्रम संवत चालतो, त्यामुळे २०२४ ला भिंतीवर २०८१ लिहिलेलं होतं. मोठ्या बाईला दिदी, मोठ्या माणसाला दाइ म्हणायचं. मला सगळे आमा म्हणायचे.

डोंगरांचं आता. लोक मे महिन्याच्या सुट्टीत जातात आणि नगरकोटला पहाटे चारला उठून धुक्यासारखा पांढरा पडदा बघून परत येतात, आमचंही २०१४ ला तेच झालं, मॅनेजर म्हणाला नशीब. नशिबाचा प्रश्न नसतो हो. पावसाआधीचे महिने कोरडे असतात, जंगलातल्या वणव्यांचा धूर आणि धूळ हवेत भरलेली असते. पावसाळ्याने हवा धुतली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेच नगरकोट, २,१०० मीटरवरून, पश्चिमेकडच्या रांगांपासून लांगटांग, पूर्वेला गौरीशंकरपर्यंत सगळं उघडं. प्रकाश आधी टोकांवर येतो, गुलाबी, मग पिवळा, मग एकदम पांढरं, आणि खाली खोरं अजून काळोखात. पोखऱ्यात माछापुच्छ्रे दिसतो, ६,९९३ मीटर, माशाच्या शेपटीसारखा. १९५७ मध्ये गिर्यारोहक अगदी माथ्याजवळ पोचले आणि तो तिथल्या लोकांचा पवित्र डोंगर म्हणून माथ्यावर पाय न ठेवता उतरले, आणि नंतर तो चढाईला बंदच आहे. इतक्या चढलेल्या डोंगरांच्या देशात एक डोंगर न चढता ठेवलाय, हे मला एव्हरेस्टपेक्षा मोठं वाटतं.

मुक्तिनाथला जाणाऱ्यांना कळकळीने सांगते. ते ३,७०० मीटरच्या वर आहे. पोखरा ८०० मीटरवर. २०१४ ला आम्हाला सकाळी विमानाने जोमसोम आणि तिथून लगेच जीपने वर नेलं, सासूबाई ७२ वर्षांच्या होत्या, १०८ धारांखाली बर्फासारख्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि नंतर त्यांना श्वासच घेता येईना, ओठ निळसर पडले. कंपनीच्या माणसाने कापूर हुंगायला दिला. खाली आणल्यावर दोन तासांनी त्या बऱ्या झाल्या, पण उंचीबद्दल आम्हाला निघण्याआधी एक शब्द कुणी सांगितला नव्हता. जोमसोमला किंवा कागबेनीला, २,७००-२,८०० मीटरवर, एक रात्र तरी मुक्काम करा, बीपी-हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून जा, धारांचं पाणी डोक्याला लावलं तरी चालतं. विमानं तिकडे सकाळीच असतात कारण दुपारनंतर काली गंडकीच्या दरीत वारा भयंकर सुटतो. त्याच नदीत शाळिग्राम सापडतात, आपल्या देवघरात असतात ते. त्यातलं चक्र म्हणजे समुद्रात राहणाऱ्या प्राण्याचं शिंपल्यासारखं कवच आहे, दहा कोटी वर्षांहून जुनं, हिमालय नव्हता आणि तिथे समुद्र होता तेव्हाचं. विष्णू म्हणून हातात घेतलेला दगड आणि डोंगराच्या तळातून वर आलेला समुद्र एकच, हे कळल्यावर माझी श्रद्धा कमी झाली नाही, वाढली.

एक गोष्ट लिहिताना वाईट वाटतं पण लिहिते. पशुपतिनाथला बागमतीच्या घाटावर चिता जळत असताना आपली मंडळी पलीकडच्या काठावर सेल्फी घेत होती, मागे चिता येईल अशी. काठमांडूत कुमारी घराच्या चौकात वर खिडकीत लहान मुलगी, देवी म्हणून पुजतात तिला, तिचा फोटो काढायला मनाई आहे, आणि खालून आपले लोक शिट्ट्या मारून तिला बोलावत होते. ती एवढीशी पोर आहे. ग्रुपबरोबर जाणार असाल तर निघण्यापूर्वी सगळ्यांना हे सांगायला हवं, आणि टूर मॅनेजरनेच सांगायला हवं.

कागदपत्रांचं थोडक्यात, व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र न्या, विमानाने जाताना फक्त आधारवर अवलंबून राहू नका. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी नेपाळवर पान काढाल तेव्हा भक्तपूरच्या दत्ताचा फोटो मोठा छापा आणि टूर कंपन्यांना विचारा की खोऱ्यासाठी एकच दिवस का ठेवता, चार का नाही. सगळे हॉटेलात बसूनच जेवतात, मग ती दोन-तीन जेवणं काठमांडूच्या मोठ्या हॉटेलऐवजी भक्तपूरला झाली तर कुणाचं काय बिघडणार आहे.

रातो मच्छिंद्रनाथांचा रथ दर बारा वर्षांनी पाटणऐवजी बुंगमती गावातून निघतो, मोठा मेळा असतो. मागचा २०१५ ला होता, रथ रस्त्यात असतानाच भूकंप झाला, बुंगमतीचं देऊळ पडलं. पुढचा मेळा २०२७ ला आहे, उन्हाळ्यात. डोंगर दिसणार नाहीत तेव्हा, चालेल. बहिणीने आत्तापासून पैसे बाजूला टाकायला सुरुवात केलीय, मिस्टरांचा गुडघा दुखतो म्हणून ते अजून हो म्हणाले नाहीत, पण सासूबाईंची जपमाळ या वेळी बरोबर न्यायची आणि दत्ताच्या पायाला लावून आणायची असं आम्ही तिघांनी ठरवलंय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका